गूळ-काटा प्रकल्प: मेलवरून आलेले पॅच लावतानाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

हंगामाआधीचं काम आजपासून सुरू. ‘गूळ-काटा’ हा आमचा छोटा प्रोग्रॅम. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या इंडिकेटरकडून (आकडा दाखवणाऱ्या डब्याकडून) सीरियल केबलवरून वजन घ्यायचं, रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची नोंद करायची, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद छापायचा, एवढंच त्याचं काम. गेल्या हंगामात तो मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात चालला. यंदा दिवाळी पाडव्याच्या सौद्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात: हिशेबातल्या पैशांच्या फरकाचा बंदोबस्त, देवनागरी पट्टी, आणि आणखी एका प्रकारच्या इंडिकेटरशी जोडणी.

काम करणारे चौघे, चार ठिकाणी. मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत. गडहिंग्लजचे सर पॉलिटेक्निकात शिकवतात, काट्याशी बोलणारा भाग त्यांचा. पट्टी छापायचा भाग इचलकरंजीची एक विद्यार्थिनी बघते. पुण्याचा मित्र नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी चाचण्या लिहितो. कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद आम्ही गिट या प्रोग्रॅमने ठेवतो; ती साठवण, म्हणजे मुख्य रिपॉझिटरी, माझ्याकडच्या मशीनवर आहे, बाहेरून तिच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि ती तशीच राहावी असं मला वाटतं. सरांच्या गावाकडं नेटवर्क संध्याकाळी गायब होतं. ते रात्री ऑफलाइन कमिट करतात, म्हणजे बदल कारणासह गिटमध्ये नोंदवतात, सकाळी रेंज आली की मेल सुटतो.

म्हणून ठरलं ते असं: प्रत्येकानं आपले कमिट गिट फॉरमॅट-पॅचने मेलजोग्या फाइलींत, म्हणजे पॅचमध्ये काढायचे, मेलने पाठवायचे, मी वाचून गिट ॲमने माझ्याकडच्या कोडवर लावायचे. फोनवर ‘ही ओळ अशी कर’ चालणार नाही. व्हॉट्सॲपवर फाइल टाकून ‘ही घे नवी’ तर मुळीच नाही. गेल्या वर्षी ज्या बदलांचं कारण कुणालाच आठवेना, ते सगळे याच दोन वाटांनी आले होते.

११ सप्टेंबर, बुधवार

सरांची पहिली मालिका आली. चार पॅच आणि वर शून्य क्रमांकाचं प्रस्तावनेचं पत्र. त्या पत्रात डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, नसतो. ते मेलपेटीत तसंच राहिलं तर गिट ॲम ‘पॅच रिकामा आहे’ म्हणत थांबतं, म्हणून वाचून बाजूला काढलं.

लावण्याआधी चारही वाचले. मेलने पॅच मागवण्यात मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, की वाचल्याशिवाय हात पुढं जात नाही. विषयाच्या ओळीत बदलाचं नाव, खाली कारण, मग तीन आडव्या रेघा, त्यानंतर कुठल्या फाइलीत किती ओळी बदलल्या त्याचा गोषवारा, आणि शेवटी डिफ. तीन रेघांच्या वर लिहिलेलं कायम इतिहासात जातं. रेघा आणि डिफ यांच्या मधली जागा फक्त माझ्याशी बोलायची, लावताना ती गळून पडते. सरांनी तिथं लिहिलंय: ‘माझ्याकडं जुना इंडिकेटर नाही, तुझ्याकडच्या काट्यावर एकदा लावून बघ.’ हे वाक्य इतिहासात जायची गरज नाही, पण मला ते कळणं गरजेचं होतं.

तिसऱ्या पॅचचं कारण सरांनी असं दिलंय: इंडिकेटर वजनाच्या आधी दोन अक्षरं पाठवतो, काटा स्थिर असेल तर ‘एसटी’, हलत असेल तर ‘यूएस’. रवा ठेवताना हमालाचा हात सुटेपर्यंत आकडा हलतो. म्हणून ‘एसटी’ लागोपाठ येईपर्यंत वजन धरायचं नाही. डिफ फार तर दहा-बारा ओळींचा, कारण त्याहून मोठं, आणि ते तसंच असावं.

आधी गिट ॲप्लायला नुसतं तपासायला सांगितलं, काही न बदलता. मग वेगळी ब्रँच (कोडची वेगळी फांदी) काढून गिट ॲम. चारही लागले. लॉगमध्ये लेखक म्हणून सर, कमिटर म्हणून मी. दोन्ही नावं खरी आहेत: काम त्यांचं, आत घेण्याची जबाबदारी माझी. विषयातला चौकटी कंसातला ‘पॅच २/४’ हा भाग लावताना आपोआप गळतो, तो हाताने काढायला नको.

क्रमाची एक बाब इथंच नोंदवून ठेवतो. गिट ॲम पेटीतल्या क्रमाने लावतं, विषयातला आकडा बघून नाही. मेल मात्र पुढंमागं येतात. पॅच मेलने पाठवणारं गिट सेंड-ईमेल प्रत्येक मेलची वेळ एकेका सेकंदाने वाढवत जातं, त्यामुळे पाठवल्याच्या वेळेनुसार मांडले की क्रम बरोबर येतो.

१४ सप्टेंबर, शनिवार

इचलकरंजीचा पॅच लागला नाही. ‘करप्ट पॅच’ आणि पुढं ओळीचा आकडा, एवढंच उत्तर.

मेल कच्च्या स्वरूपात उघडून बघितला. तिनं पॅचचा मजकूर ब्राउझरमधल्या मेलच्या खिडकीत चिकटवून पाठवला होता. खिडकीनं लांब ओळी मधेच मोडल्या आणि टॅबच्या जागी स्पेस घातल्या. डिफमध्ये प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर बोलतं: अधिक म्हणजे नवी ओळ, वजा म्हणजे काढलेली, मोकळी जागा म्हणजे जशीच्या तशी. प्रत्येक हंकच्या, म्हणजे डिफमधल्या तुकड्याच्या, डोक्यावर किती ओळी येणार तेही आकड्यांत लिहिलेलं असतं. ओळ मोडली की तिचा उरलेला तुकडा बिनचिन्हाचा होतो आणि मोजणी चुकते. ते हाताने जुळवलं तरी टॅबचा प्रश्न उरतोच, कारण आजूबाजूच्या ओळी अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय गिट ॲप्लाय पुढं जात नाही. जुना ‘पॅच’ प्रोग्रॅम संदर्भाच्या दोन ओळींपर्यंत सूट देतो. पैशाच्या हिशेबाच्या कोडला ती सूट मला नको आहे.

तिला फोन केला.

“दादा, माझ्याकडं सगळ्या टेस्ट पास आहेत. माझंच कायतरी चुकलं का?”

“कोड बरोबर आहे. मेलच्या खिडकीनं ओळी मोडल्या. परत लिहू नकोस, परत पाठव.”

“दोनच ओळी तर हैत. तुम्हीच जोडून घ्या की.”

“जोडून घेतो, पण मग तू तपासलेला कोड आणि इथं लागलेला कोड एकच आहे, हे कोण सांगणार?”

ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “बरं, सेंड-ईमेल कसं बसवायचं ते सांगा.”

बसवायला फार नाही. तिचं खातं जीमेलचं आहे, तिथं दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो, नेहमीचा चालत नाही. पोर्ट ५८७. तिला सांगितलं, पहिला मेल स्वतःलाच पाठव, तो उतरवून घे आणि टाकाऊ ब्रँचवर गिट ॲमने लावून बघ. स्वतःकडं लागला तर माझ्याकडंही लागेल.

रात्री साडेनऊला पॅच परत आला आणि पहिल्याच फटक्यात लागला. तिच्या पॅचमध्ये ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘निव्वळ रक्कम’ हे शब्द देवनागरीत आहेत, विषयाची ओळही मराठीत आहे. कच्च्या मेलमध्ये ती ओळ बरोबरची चिन्हं, प्रश्नचिन्हं आणि आकडे यांची रांग दिसते, कारण मेलच्या मथळ्यात साधी रोमन अक्षरंच थेट जातात. गिट ती लावताना उलगडतं, लॉगमध्ये मराठी विषय स्वच्छ उमटला. फाइलीचं नाव देवनागरीत असेल तर मात्र गिट ते आकड्यांच्या रूपात दाखवतं. कोअर-कोटपाथ ही सेटिंग बंद केली की नाव वाचता येतं. चौघांनाही ती बंद करायला कळवलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. पापाची तिकटी आणि महाद्वार रोड मिरवणुकीमुळं सकाळपासून बंद, दुकानही बंद. पुण्याच्या मित्राचा प्रश्न आला होता, त्याचं उत्तर इथंच लिहितो: प्रत्येक पॅचच्या पहिल्या ओळीत १७ सप्टेंबर २००१ ही तारीख का असते? ती बदलाची तारीख नाही. ही फाइल फॉरमॅट-पॅचमधून निघाली आहे हे इतर प्रोग्रॅमना ओळखता यावं म्हणून ठेवलेली ती ठरावीक खूण आहे. लिनस टोरवाल्ड्सनं गिट लिहायला घेतलं एप्रिल २००५ मध्ये, त्यामुळे २००१ मध्ये गिटमध्ये केलेला कमिट असूच शकत नाही. बदलाची खरी तारीख खालच्या मथळ्यात असते.

मेलने पॅच पाठवण्याची रीत गिटहून बरीच जुनी आहे. लॅरी वॉलनं ‘पॅच’ हा प्रोग्रॅम १९८५ मध्ये लिहिला. लिनक्स १९९१ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं त्यातले बदल मेलनेच येत राहिले. गिट बनलं तेव्हा ही रीत त्याच्या पोटातच होती. जुलै २००५ पासून गिटची देखभाल जुनिओ हमानो करतात, आणि गिटमधले बदलही मेलवरूनच घेतले जातात. आमच्या चौघांच्या प्रकल्पाला ही रीत मोठी पडेल असं मित्राला वाटत होतं. मला उलट वाटतं. चौघांत एकाला नीट नेटवर्क नसेल तर हीच रीत सगळ्यांना सारखं वागवते.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सरांची दुसरी मालिका पहिल्याच पॅचवर थांबली. इकडं इचलकरंजीचे बदल आत आले होते आणि सरांचे पॅच त्याआधीच्या कोडवरून निघालेले, तेव्हा न लागणं साहजिकच. गिट ॲमला तिहेरी मेळाचा, म्हणजे थ्री-वेचा पर्याय देऊन परत चालवलं. डिफमध्ये ‘इंडेक्स’ नावाची ओळ असते, तीत जुन्या आणि नव्या फाइलीच्या ब्लॉबच्या, म्हणजे गिटनं साठवलेल्या मजकुराच्या, खुणा असतात. जुना ब्लॉब माझ्या रिपॉझिटरीत सापडला तर गिट तिथून दोन्ही बाजूंचे बदल नीट जुळवतं. पहिला पॅच असा लागला.

दुसऱ्यावर वेगळाच निरोप: तिहेरी मेळासाठी लागणारे ब्लॉब या रिपॉझिटरीत नाहीत. याचा अर्थ सरळ आहे. सरांनी हा पॅच ज्या कोडवर उभा केला, तो कोड माझ्याकडं कधी आलेलाच नाही. म्हणजे मधला एखादा कमिट त्यांच्या मशीनवरच राहिलाय.

अशा वेळी हात शिवशिवतात. डिफ समोर आहे, बदल समजलाय, टाकावा आपणच. पण मग तो मधला कमिट कायमचा हरवला असता आणि सरांकडचा कोड माझ्यापेक्षा वेगळाच राहिला असता. गिट ॲम अबॉर्ट करून ब्रँच होती तशी केली आणि सरांना लिहिलं.

दुपारी उत्तर आलं: “अरे, नव्या इंडिकेटरचा बॉड रेट बदलला होता तो कमिट. छोटा म्हणून मालिकेत धरला नाही.” छोटा खरा, पण त्याच्याशिवाय काटा बोललाच नसता. इंडिकेटर ९६०० च्या वेगाने पाठवतो आणि आपण २४०० च्या वेगाने ऐकत बसलो असतो. सरांनी पूर्ण मालिका परत पाठवली, सगळे पॅच लागले.

यापुढं प्रत्येकानं फॉरमॅट-पॅच करताना बेस पर्याय द्यायचा. मग मालिका नेमक्या कुठल्या कमिटवर उभी आहे ते मेलच्या तळाशी आपोआप लिहून येतं. मी तिथूनच ब्रँच काढीन, लावीन, आणि मग मुख्य ब्रँचवर आणीन.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज खरा तंटा आला, आणि तो तंटा व्हायलाच हवा होता.

सरांनी वजन दशांशातल्या किलोऐवजी पूर्ण ग्रॅममध्ये धरलं. इचलकरंजीच्या पॅचमध्ये प्रत्येक रव्याची कपात पैशापर्यंत राउंड केलेली. दोघांनी एकच ओळ बदलली, आणि दोघांचं कारण खरं आहे. संगणक ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडू शकत नाही, म्हणून दशांशातल्या बेरजा घसरतात, हे सरांचं म्हणणं. पट्टीवर पैशाच्या खालचा आकडा छापता येत नाही, हे तिचं.

पण राउंड करायचं कुठं? समजा एका रव्यामागं कपात १.२५५ रुपये बसते. प्रत्येक रव्याला राउंड केलं तर १.२६, आणि चाळीस रव्यांचे ५०.४० रुपये. आधी बेरीज केली तर ५०.२०. फरक वीस पैशांचा, पण तो दर खेपेला शेतकऱ्याच्याच खिशातून जातो. गावाकडून रात्रभर गुऱ्हाळावर जागून आलेला माणूस पट्टी बोटानं ओळ न् ओळ वाचतो. त्याच्या बेरजेशी आमची बेरीज जुळलीच पाहिजे.

दोघांना एका फोनवर घेतलं. सर म्हणाले, “हिशेब सगळा पूर्णांकात ठेव. राउंड एकदाच, शेवटी, आणि ते पट्टीच्या भागानं करावं.” ती म्हणाली, “सर, मग पट्टीवर रव्यानिहाय कपात दाखवायचीच नाही, एकूणच दाखवू.” दुकानातल्या मापाडी काकांना विचारलं, तर त्यांच्या हातच्या पट्टीतही कपात एकूणच असते. प्रश्न मिटला.

तंट्याची ओळ ठरल्याप्रमाणे लिहिली, फाइल गिट ॲडने नोंदवली आणि गिट ॲम कंटिन्यू. इथं हाताने गिट कमिट करायचं नाही. तसं केलं की लेखकाचं नाव माझं पडतं आणि सरांनी लिहिलेलं कारण मागं राहतं. कंटिन्यू केलं की मेलमधलं नाव, तारीख, मजकूर सगळं जागच्या जागी बसतं. मी जेवढी ओळ बदलली तेवढ्याची नोंद कमिटच्या मजकुराच्या शेवटी चौकटी कंसात केली: ‘राउंड पट्टीच्या भागात हलवलं’. लिनक्सवाल्यांची ही पद्धत मला आवडते. कुणी काय केलं ते वाचणाऱ्याला विचारावं लागत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

पुण्याच्या मित्राची चाचणी त्याच्याकडं पास, माझ्याकडं नापास. कोड तोच, पॅच बिनतक्रार लागलेला. दिवसाचा बराच भाग यात गेला आणि सापडलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

त्यानं चाचणीसाठी इंडिकेटरकडून आलेला खरा डेटा फाइलीत ठेवला होता. इंडिकेटर प्रत्येक वजनाच्या शेवटी दोन चिन्हं पाठवतो, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. आमचा कोड त्या जोडीवरूनच वजन संपल्याचं ओळखतो. गिट ॲम मात्र मेल फोडताना ओळीच्या शेवटचं कॅरेज रिटर्न काढून टाकतं, कारण मेलच्या वाटेवर ते बहुतेकदा उपरंच चिकटलेलं असतं. कोडच्या फाइलीसाठी हे बरोबर. काट्याच्या डेटात मात्र नेमकं मोलाचं चिन्हच गेलं.

ते चिन्ह राखणारा कीप-सीआर हा पर्याय आहे, पण तो सगळ्या फाइलींना लागू होतो, आणि मित्राच्या विंडोजवरून येणाऱ्या कोडमध्ये मग नको तिथंही ती चिन्हं घुसतील. त्यापेक्षा गिटॲट्रिब्यूट्स या सेटिंगच्या फाइलीत काट्याच्या डेटाच्या फाइली ‘बायनरी’ म्हणून जाहीर केल्या. आता फॉरमॅट-पॅच त्यांचा डिफ ओळींत न काढता आकसून, बेस-८५ मध्ये, म्हणजे साध्या अक्षर-चिन्हांत, लिहून पाठवतं. मेलच्या वाटेत त्याला काही होत नाही. त्या फाइली पॅचमध्ये डोळ्यांनी वाचता येणार नाहीत, हा तोटा आहे आणि तो मी पत्करला. नमुन्यात काय आहे ते कमिटच्या मजकुरात शब्दांत लिहायचं, एवढी अट घातली. परत पाठवलेला पॅच लागला, चाचणी पास.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

देवनागरी पट्टीची दुसरी आवृत्ती आली, विषयात ‘व्ही २’. पहिल्या आवृत्तीपासून काय बदललं ते तिनं तीन रेघांखाली लिहिलंय, आणि मी गिट रेंज-डिफने दोन्ही मालिका शेजारी ठेवून पडताळलं. सहा पॅच पहिल्यापासून वाचत बसावं लागलं नाही, बदललेले दोनच वाचले.

पाचवा पॅच तिच्या वर्गमैत्रिणीनं लिहिलाय, पाठवलाय हिनं. मेलच्या मजकुराची पहिलीच ओळ ‘फ्रॉम’ अशी, पुढं मैत्रिणीचं नाव. गिट ॲम अशी ओळ दिसली की पाठवणाऱ्याचं नाव सोडून तेच नाव लेखक म्हणून घेतं. खाली दोघींच्या साइन्ड-ऑफ-बायच्या ओळी आहेत, मैत्रिणीची आधी, हिची नंतर, आणि लावताना माझी तिसरी पडली. काम कुणाच्या हातून कुणाच्या हाती आलं ते त्या क्रमात दिसतं. ही प्रथा लिनक्समध्ये २००४ मध्ये सुरू झाली, कोड कुठून आला याची जबाबदारी नावानिशी राहावी म्हणून. या मुलीचा हा पहिलाच बाहेरचा कोड. तो तिच्याच नावावर नोंदला गेला याचं मला फार बरं वाटलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

परवा दसरा. सर्व मालिका मुख्य ब्रँचमध्ये मिळवल्या, या आवृत्तीला टॅग (नावाची खूण) लावला, दुकानातल्या मशीनवर बसवलं. जुन्या-नव्या दोन्ही इंडिकेटरवर वजन येतंय.

मापाडी काकांनी रवा ठेवला आणि विचारलं, “आकडा पडद्यावर लगेच येतोय, मग पट्टीत जायला का थांबतोय?” कुठली ओळ कुठल्या कमिटमधून आली ते दाखवणारं गिट ब्लेम कोडमधल्या त्या ओळीवर चालवलं, सरांचा कमिट निघाला आणि त्यातलं कारण काकांना वाचून दाखवलं: हमालाचा हात सुटेपर्यंत काटा हलतो. काका म्हणाले, “हे लिवणाऱ्यानं काट्यावर उभं राहून बघितलंय.” सरांना हे जसंच्या तसं मेलने कळवलं.

बाकी राहिलंय ते पट्टीचं. थर्मल प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक ओळ चित्र करून पाठवावी लागते. ५८ मिलिमीटरच्या कागदावर छपाईला ३८४ ठिपक्यांची रुंदी मिळते, आणि लांब नावं उजवीकडं कापली जातायत. नाव कापायचं नाही, दुसऱ्या ओळीवर न्यायचं, असं इचलकरंजीला कळवलंय. तिसरी आवृत्ती दसऱ्यानंतर येईल, बेस म्हणून आजचाच टॅग धरायचा.